एक फोल्डर वर

नदीच्या पाणीपातळीच्या नोंदींमधून खोट्या नोंदी बाजूला काढणारा आमचा प्रोग्रॅम सी आणि फोरट्रॅनमध्ये लिहिलेला आहे. सेन्सरवर गाळ बसला किंवा केबलमध्ये पाणी शिरलं की पातळी अचानक चढल्यासारखी दिसते. अशा नोंदी ओळखणं हे त्याचं काम. तो लिहिणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना आमच्या पुण्याच्या ऑफिसात सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात. निवृत्त होताना ते सगळा सोर्स कोड नीट गिटमध्ये ठेवून गेले. त्यांच्या टेबलावरच्या डेस्कटॉपवर हा प्रोग्रॅम वर्षानुवर्षं विनातक्रार बिल्ड होत आला होता. आता तो ६४ बिटच्या एका छोट्या एआरएम बोर्डावर, थेट नदीकाठच्या पेटीत चालवायचा होता. त्याआधी निदान लॅपटॉपवर तरी बिल्ड होऊ दे, म्हणून आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलीने रेपो क्लोन केला, ‘कॉन्फिगर’ चालवलं, आणि ते सुरुवातीच्या ओळींतच थांबलं.

“मॅडम, हा इन्स्टॉल-एसएच मागतोय. आपल्या रेपोत तर या नावाची फाइलच नाही.”

एरर सरळ होती. इन्स्टॉल-एसएच, इन्स्टॉल.एसएच किंवा एसएचटूल यांपैकी काहीच सापडत नाही, असं म्हणून पुढे शोधलेल्या तीन जागा छापल्या होत्या: सोर्सचं फोल्डर, त्याच्या वरचं फोल्डर आणि त्याच्याही वरचं. इंटरनेटवर ही फाइल शेकडो ठिकाणी पडलेली आहे. तिने एक उतरवायलाही घेतली होती.

“अगं, थांब. आधी ती गेली कुठे ते बघू.”

ही फाइल काय आहे हे तिला सांगायला मला मागे जावं लागलं. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये ऑटोकॉन्फ लिहायला घेतलं, तेव्हा युनिक्स एक नव्हतं. प्रत्येक कंपनीचं आपलं वेगळं. फाइल जागेवर नेऊन ठेवणारी ‘इन्स्टॉल’ ही साधी कमांडसुद्धा सगळीकडे सारखी वागत नसे. बीएसडीची वेगळी, सिस्टिम फाइव्हची वेगळी, आणि पर्याय एकमेकांशी न जुळणारे. म्हणून नियम असा ठरला की सॉफ्टवेअर देणाऱ्याने आपल्याबरोबर एक छोटी शेल स्क्रिप्टही द्यायची. घेणाऱ्याच्या मशीनवर धड कमांड नसेल तर ती कामाला येते. इन्स्टॉल-एसएच ती. एमआयटीमध्ये एक्स विंडो सिस्टिमसाठी लिहिलेल्या स्क्रिप्टमधून ती आली. तिच्या जोडीला कॉन्फिग.गेस आहे, जी मशीन कोणतं ते ओळखते. मूळ लिहिणारे पेर बॉथनर. कॉन्फिग.सब मशीनचं नाव प्रमाण रूपात आणते. डेपकॉम्प कोणती फाइल कोणत्या फाइलवर अवलंबून आहे ते नोंदवते. आणि ‘मिसिंग’ नावाची एक, फ्रांस्वा पिनार यांनी १९९६ मध्ये लिहिलेली, तिच्याबद्दल पुढे सांगते.

यांतली एकही फाइल प्रोग्रॅम लिहिणारा स्वतः लिहीत नाही. तो लिहितो दोनच प्रकार: कॉन्फिगर.एसी आणि मेकफाइल.एएम. बाकीचं एक तर ऑटोकॉन्फ आणि ऑटोमेक त्यातून तयार करतात, नाहीतर ऑटोमेक आपल्या साठ्यातून कॉपी करून ठेवतं. त्यामागचा विचार मला आजही मोठा वाटतो. घेणाऱ्याकडे ऑटोकॉन्फ नसेल, ऑटोमेक नसेल, पर्ल नसेल. त्याच्याकडे नुसता शेल, मेक आणि कंपायलर असला तरी त्याला प्रोग्रॅम बिल्ड करता आला पाहिजे. म्हणून या मदतनीस स्क्रिप्ट सोर्सच्या गठ्ठ्याबरोबरच प्रवास करतात. त्या नसल्या, तर ‘कॉन्फिगर’ने पुढे न जाणं हेच बरोबर.

मग सरांच्या मशीनवर बिल्ड होत कसा होता?

उत्तर मेकफाइल.इनमध्ये मिळालं. ही ऑटोमेकने तयार केलेली फाइल, कोणी उघडून वाचत नाही, पण सरांनी ती कमिट केली होती. तिच्यात डेपकॉम्पची ओळ असते. तिथे लिहिलं होतं: मूळ सोर्स फोल्डर, तिरपी रेघ, दोन टिंबं, तिरपी रेघ, डेपकॉम्प. दोन टिंबं म्हणजे एक फोल्डर वर. मदतनीस फाइली प्रोग्रॅमच्या फोल्डरात कधी नव्हत्याच.

सरांना फोन केला. ते घरीच होते, आणि प्रश्न ऐकून खूश झाले.

“सर, तुमच्या डेस्कटॉपवर हा प्रोग्रॅम ज्या फोल्डरात होता, त्याच्या वर काय होतं?”

“अगं, वर माझं सगळंच कामाचं. एकदा कुठलीशी लायब्ररी तिथेच उघडली होती, तिच्या फाइली तशाच पडल्यात बघ.”

डेस्कटॉप अजून स्टोअररूममध्ये होता. चालू करून बघितलं. वरच्या फोल्डरात कुठल्याशा जुन्या लायब्ररीच्या उरलेल्या फाइली होत्या आणि त्यांत इन्स्टॉल-एसएच होती.

इथे घडलं काय, हे थोडं सविस्तर सांगण्यासारखं आहे. मदतनीस स्क्रिप्ट कोणत्या फोल्डरात ठेवायच्या हे कॉन्फिगर.एसीमध्ये सांगितलेलं नसेल, तर ऑटोमेक स्वतः शोधतं. आधी चालू फोल्डर, मग वरचं, मग त्याच्या वरचं. जिथे पहिल्यांदा इन्स्टॉल-एसएच दिसेल ते फोल्डर मदतनिसांचं, असं ते धरून चालतं. मोठ्या प्रकल्पात एकाखाली एक उपप्रकल्प असतात, त्या सगळ्यांना एकच संच वापरता यावा म्हणून ही सोय. सरांच्या फोल्डरात सुरुवातीला काहीच नव्हतं, वर मात्र होतं. त्यामुळे ऑटोमेकने उरलेल्या सगळ्या स्क्रिप्टही वरच नेऊन ठेवल्या. गिट आपल्या रेपोच्या बाहेर बघत नाही. म्हणून एवढ्या वर्षांत एकाही कमिटमध्ये त्या आल्या नाहीत, आणि त्या मशीनवर कधी अडलंही नाही. सरांच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. ‘गिट स्टेटस’ नेहमी स्वच्छ, बिल्ड नेहमी यशस्वी. प्रोग्रॅम त्या टेबलावरून दुसरीकडे जायची वेळ आली नव्हती, एवढंच.

ऑटोकॉन्फची २.६९ ही आवृत्ती २०१२ मध्ये आली आणि २.७० थेट २०२० च्या डिसेंबरमध्ये. मधल्या आठ वर्षांत लिहिलेल्या बहुतेक सोर्समध्ये जुन्या पद्धतीचं ‘कॉन्फिगर’ आहे, ते फक्त इन्स्टॉल-एसएचवरून फोल्डर ठरवतं. २.७० पासून ‘कॉन्फिगर’ आपल्याला लागणाऱ्या सगळ्या मदतनीस फाइलींची यादी धरून, त्या सगळ्या एकत्र असलेलं फोल्डर शोधतं, आणि न मिळाल्यास नेमक्या कोणत्या नाहीत ती नावं सांगतं. जुन्या एररमध्ये एसएचटूल हे नाव वाचून लोक एसएचटूल शोधत बसतात. नव्या एररमुळे तो हेलपाटा वाचला आहे.

दुरुस्ती एका ओळीची. कॉन्फिगर.एसीमध्ये, प्रोग्रॅमचं नाव आणि आवृत्ती सांगणाऱ्या पहिल्या ओळीच्या लगेच खाली, एसी_कॉन्फिग_ऑक्स_डिर हा मॅक्रो आणि कंसात ‘बिल्ड-ऑक्स’. ती ऑटोमेक सुरू करणाऱ्या ओळीच्या आधी आली पाहिजे. मग शोधाशोध होतच नाही. प्रोग्रॅमच्या आतच बिल्ड-ऑक्स नावाचं फोल्डर आणि सगळे मदतनीस तिथे. त्यानंतर ‘ऑटोरीकॉन्फ’, ‘इन्स्टॉल’ आणि ‘फोर्स’ या दोन्ही पर्यायांसह. ‘इन्स्टॉल’ नसलेल्या फाइली आणतो, ‘फोर्स’ असलेल्या जुन्या फाइलीही बदलतो. यांत ‘फोर्स’ विसरलं तर जुनी कॉन्फिग.गेस जागची हलत नाही आणि पुढे भलत्याच ठिकाणी त्रास देते.

ऑटोरीकॉन्फच का, थेट ऑटोमेकला ‘ॲड-मिसिंग’ हा पर्याय देऊन का नाही, असं तिने विचारलं. तेही चालतं, पण ‘कॉपी’ हा पर्याय जोडला नाही तर ऑटोमेक फाइली कॉपी करत नाही, सिमलिंक करतं. त्या लिंक आपल्या मशीनवरच्या ऑटोमेकच्या फोल्डराकडे बोट दाखवतात आणि त्या पत्त्यात ऑटोमेकचा आवृत्तीक्रमांकही असतो. तशाच कमिट केल्या की दुसऱ्या मशीनवर नाव दिसतं, फाइल उघडत नाही. ‘एलएस’ केल्यावर सगळं जागच्या जागी वाटतं, म्हणून हे लवकर लक्षात येत नाही. ऑटोरीकॉन्फ मात्र वेगळं सांगितलं नाही तर कॉपीच करतं.

त्या दिवशी ऑटोरीकॉन्फने दोन फाइली अशाही आणल्या ज्या आम्ही मागितल्या नव्हत्या: ‘इन्स्टॉल’ नावाची सूचनापत्रिका आणि ‘कॉपिंग’, म्हणजे जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीचा पूर्ण मजकूर. ऑटोमेक मुळात ग्नू प्रकल्पाचे नियम पाळतं, आणि त्या नियमांत या फाइली असाव्या लागतात. आमचा प्रोग्रॅम जीपीएलखाली नाही. ग्राहकाशी वेगळा करार आहे. ती फाइल नजरचुकीने गठ्ठ्यात गेली असती तर वकिलांपर्यंत गोष्ट गेली असती. ऑटोमेकच्या ओळीत ‘फॉरेन’ हा शब्द घातला की ही सक्ती उठते. मदतनीस स्क्रिप्टची मात्र काळजी नाही. इन्स्टॉल-एसएचचा परवाना एक्स विंडोचा मोकळा परवाना आहे, कॉन्फिग.गेसवर जीपीएल आहे, पण ऑटोकॉन्फने तयार केलेल्या ‘कॉन्फिगर’बरोबर ती देताना तुमच्याच प्रोग्रॅमच्या अटींवर देण्याची मुभा तिच्या शीर्षटिपेतच लिहिलेली आहे.

लॅपटॉपवर बिल्ड झाला. बदल कमिट केला, आणि पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने क्लोन करून ‘मेक’ म्हटल्यावर वेगळाच इशारा आला: अमुक आवृत्तीचं एसीलोकल तुमच्या सिस्टिमवर नाही, तुम्ही कॉन्फिगर.एसी किंवा एम४ फाइली बदलल्या असतील तरच त्याची गरज पडायला हवी. त्याने तर काहीच बदललं नव्हतं.

हा इशारा देणारी स्क्रिप्ट म्हणजेच ‘मिसिंग’. मेकफाइल एसीलोकलला थेट हाक मारत नाही, मिसिंगच्या मार्फत मारते. प्रोग्रॅम असला तर मिसिंग तो चालवते. नसला तर कशासाठी लागतो आणि कुठे मिळेल ते सांगते. पूर्वी ती याच्याही पुढे जायची: टूल नसेल तर जुन्या फाइलीची वेळ बदलून बिल्ड तसाच पुढे ढकलायची. २०१२ च्या शेवटी आलेल्या ऑटोमेक १.१३ मध्ये हे बंद केलं. मला तो निर्णय पटतो. कॉन्फिगर.एसी खरोखर बदललेली असताना जुन्याच ‘कॉन्फिगर’वर बिल्ड पूर्ण झाला, तर तो कोणत्या सोर्सचा बिल्ड म्हणायचा?

पण आमच्याकडे काही बदललेलं नसताना एसीलोकल बोलावलं गेलं, त्याचं कारण गिट. मेक फाइलींच्या वेळा बघून ठरवतं काय जुनं आणि काय नवं. गिट फाइलींच्या वेळा साठवत नाही. क्लोन करताना फाइली ज्या क्रमाने लिहिल्या जातील त्या वेळा त्यांना मिळतात, आणि कॉन्फिगर.एसी कधी एसीलोकल.एम४ पेक्षा क्षणभर नवी ठरते. मेकला वाटतं, बदल झाला. म्हणून कधी बिल्ड होतो, कधी होत नाही, आणि दुसऱ्यांदा क्लोन केल्यावर होतो. टारच्या गठ्ठ्यात वेळा टिकून राहतात, तिथे हा प्रश्न येत नाही.

यावर बरेच जण ‘टच’ कमांडने फाइलींच्या वेळा योग्य क्रमाने लावून घेतात. बाहेरून आलेला गठ्ठा एकदाच बिल्ड करायचा असेल तर ते ठीक. आपल्या स्वतःच्या रेपोत ते नको, कारण खरा बदल झाला तरी टच तो दडपून टाकतं. दुसरा मार्ग म्हणजे मेंटेनर मोडचा मॅक्रो, जो ही आपोआप पुन्हा तयार होण्याची यंत्रणाच मुळात बंद ठेवतो. आम्ही तिसरा धरला: तयार होणाऱ्या फाइली रेपोत ठेवायच्याच नाहीत. रेपोत फक्त माणसाने लिहिलेलं. क्लोन केल्यावर पहिली कमांड ऑटोरीकॉन्फ. ऑटोकॉन्फची किमान कोणती आवृत्ती लागते हे कॉन्फिगर.एसीमध्येच नोंदवता येतं, तेही केलं.

मग बोर्ड आला. इथे सरांच्या वरच्या फोल्डरातली कॉन्फिग.गेस मी मुद्दाम त्या मुलीला उघडून दाखवली. प्रत्येक कॉन्फिग.गेसच्या सुरुवातीला ‘टाइमस्टॅम्प’ असं लिहिलेली एक ओळ असते, त्यात तारीख. या प्रतीवर २००८ ची होती. ६४ बिटचं एआरएम जगापुढे आलं २०११ मध्ये. २००८ च्या स्क्रिप्टला ते कसं माहीत असणार? स्क्रिप्ट करते काय, तर ‘यूनेम’ला मशीनचं आणि कर्नलचं नाव विचारते आणि लांबलचक यादीत जोडी शोधते. माझ्या लॅपटॉपवर तिच्या ताज्या प्रतीने एक्स८६-६४, पीसी, लिनक्स, ग्नू असं उत्तर दिलं. बोर्डावर जुन्या प्रतीने हात टेकले: सिस्टिम कोणती ते सांगता येत नाही. त्याखाली तिने नवी प्रत कुठून घ्यायची तो ग्नूचा पत्ता छापला, आणि नवी प्रतही ओळखत नसेल तर यूनेमची ही माहिती आम्हाला कळवा, म्हणून माहिती तयार करून दिली. तीस-एक वर्षांपूर्वीची पद्धत, नव्या मशीनवर अडलेल्या कोणाही माणसाने तिला पुढे न्यावं म्हणून केलेली. मला तो मजकूर दर वेळी वाचावासा वाटतो.

ऑटोरीकॉन्फने आणलेल्या ताज्या प्रतीने बोर्ड लगेच ओळखला. हाच अनुभव पुढे रिस्क-फाइव्हवर येणार हे उघड आहे. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे आपल्याकडचे प्रोसेसर रिस्क-फाइव्हचेच आहेत, आणि जुन्या कॉन्फिग.सबला रिस्क-फाइव्ह हे नावच ठाऊक नाही. जुना गठ्ठा तिथे बिल्ड करायचा असेल तर कोडला हात लावण्याआधी या दोन फाइलींची तारीख बघावी.

एका सहकाऱ्याच्या डेस्कटॉपवर विंडोज होतं. तिथून झिप करून आणलेल्या प्रतीत स्क्रिप्टच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी जादा अक्षर बसलं आणि फाइल चालवण्याची परवानगीही गेली. फाइल डोळ्यांसमोर असूनही शेल ‘नाही’ म्हणतो, तेव्हा हे तपासावं. रेपोत गिटॲट्रिब्यूट्सची एक ओळ घालून जादा अक्षराचा विषय संपवला.

आता त्या पहिल्या गोष्टीकडे, की इंटरनेटवरून फाइल उतरवून जागेवर ठेवली असती तर काय बिघडलं असतं. २९ मार्च २०२४ ला अँड्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या लायब्ररीतला छुपा दरवाजा उघडकीला आणला. एसएसएचने लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून ते मागावर गेले. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या गठ्ठ्यांत ‘बिल्ड-टू-होस्ट’ नावाची एक एम४ फाइल बदललेली होती. गिटच्या रेपोत ती बदललेली प्रत नव्हती, फक्त गठ्ठ्यात. बिल्डची मदतनीस फाइल कोणी वाचत नाही, ती यंत्राने आणून ठेवलेली असते, हे हल्लेखोराला पक्कं माहीत होतं. या फाइली कंपायलरच्याही आधी चालतात, आणि बिल्ड करणाऱ्याच्या पूर्ण अधिकारांनी चालतात. तेव्हा त्या डिस्ट्रिब्यूशनने दिलेल्या ऑटोमेकमधून किंवा थेट ग्नूकडूनच घ्यायच्या, असा आमचा नियम आहे, आणि तो मी नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगते. डेबियननेही पॅकेज बिल्ड करताना ऑटोरीकॉन्फ आपल्याकडेच चालवायची पद्धत पूर्वीच धरली आहे. गठ्ठ्यातलं तयार ‘कॉन्फिगर’ तिथे सहसा वापरलं जात नाही.

रोज रात्री आमचा सर्व्हर रेपो एका रिकाम्या कंटेनरमध्ये क्लोन करतो, ऑटोरीकॉन्फ चालवतो आणि मग ‘मेक डिस्टचेक’. डिस्टचेक गठ्ठा बांधतं, तो वेगळीकडे उघडतं, सोर्सचं फोल्डर फक्त वाचण्यापुरतं करतं, बाहेरच्या फोल्डरात बिल्ड करतं, बसवतं, काढतं. गठ्ठ्यात एखादी फाइल जायची राहिली असेल तर इथे कळतं.

सरांचं याबाबतीत वेगळं म्हणणं आहे. त्यांच्या मते ‘कॉन्फिगर’ रेपोत असायलाच हवं. नदीकाठच्या ऑफिसात नेट नसताना कोणाला बिल्ड करायचा झाला तर तो ऑटोमेक कुठून आणणार? मी म्हटलं, त्यांना रेपो द्यायचा नाही, डिस्टचेकमधून निघालेला गठ्ठा द्यायचा, त्यात सगळं असतं. ते म्हणाले, तो गठ्ठा कोणत्या कमिटचा हे त्याच्या नावातच लिहा म्हणजे झालं. आवृत्तीच्या क्रमांकाला कमिटचा आकडा जोडायचं काम त्या मुलीने अंगावर घेतलं आहे. ते या आठवड्यात पूर्ण होईल.